साडेआठचा पाऊस

पाऊस सुरू झाला तेव्हा आईच्या पानात नुकतंच खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांचं कालवण, पडलं होतं. आधी लांब कुठेतरी गडगडलं, मग माडाच्या झावळ्या सळसळल्या, आणि मग कौलांवर थेंब वाजायला लागले. आईने उचललेला घास तसाच पानात ठेवला, मान वर केली आणि घरी ओरडते त्याच आवाजात म्हणाली, "सोलां भायर आसात!" सोलं म्हणजे उन्हात वाळत घातलेली कोकमं, ती तिला बाहेर राहिलीशी वाटली. आमच्या पंगतीला वाढणारी मुलगी जवळच उभी होती. कुणबी साडी, केसांत अबोलीचा वळेसर, हातात पितळेचा तांब्या. तिने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "भितर घेतल्यांत, आजये. तूं जेव," म्हणाली. आईने मान डोलावली आणि घास उचलला.

पाऊस खरा नव्हता, एका जेवणघरातला देखावा होता. मे महिना होता, बाहेर पार्किंगमध्ये रात्रीसुद्धा पान हलत नव्हतं. आत कौलांच्या मागे स्पीकर बसवलेले असणार, खिडकीच्या काचेवरून पाणी सोडलेलं होतं, विजा दिव्यांच्या होत्या. हा पाऊस रोज दोनदा पडतो, एकदा संध्याकाळच्या पहिल्या पंगतीला आणि एकदा दुसऱ्या पंगतीला, साडेआठ वाजता. हातात दिलेल्या कागदावर तसं छापलेलंच होतं आणि आत शिरताना मी ते आईला वाचूनही दाखवलं होतं. तरी तिचा जीव सोलांकडे धावला. त्याचं मला नवल वाटलं नाही. पण त्या मुलीचं उत्तर अजून डोक्यातून जात नाही. ते तिला शिकवून ठेवलेलं होतं, की तिच्या तोंडून आपसूक गेलं?

जेवण आईच्या ऐंशीचं होतं. पुण्याहून भाचीने फोनवरून टेबल घेतलं, पैसेही तिनेच भरले आणि आजीला किंमत कळता कामा नये अशी मला ताकीद दिली. माणशी 4500 रुपये, कर वेगळा. चतुर्थीला फोंड्याच्या माटोळी बाजारातून, गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या बाजारातून, तेवढ्या पैशांत मी दोन्ही हातांत पिशव्या भरून घरी येते. त्यामुळे जाताना मनात अढी होतीच. शिवाय जेवणाचा विषय होता 'गोव्यातलं जुनं घर', आणि जुन्या घराबद्दल मला कोणी तिकीट लावून काही दाखवावं ही कल्पनाच मला रुचत नव्हती.

ते जेवणघर एका थीम पार्कच्या पोटात आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, पोरांचा कल्ला ओलांडून मागे गेलं की चिऱ्यांची भिंत लागते. फाटकात एक बाई फोन मागून घेते आणि जाड्याभरड्या कापडाच्या पिशवीत घालून परत आपल्याच हाती देते. मग पायांवर गार पाणी. मग एक अरुंद, अंधारी वाट, आणि ती संपते तिथे एकदम राजांगण. वास सगळ्यांच्या आधी येतो, ओल्या मातीचा. कनौजला भाजलेल्या मातीतून अत्तर काढतात, तसलंच काहीतरी हवेत सोडत असावेत. मधोमध तुळशीवृंदावन, भोवती लाकडी खांबांची ओसरी, वर उतरत्या उन्हाचा उजेड. दोन तासांत तिथे तिन्हीसांज होते, रात्र होते, पाऊस पडून जातो आणि शेवटचा गोड घास घेताना उजाडतं.

वृंदावनाच्या कठड्यापाशी सुपात सोलं वाळत घातलेली होती. आईला हाताला धरून मी पुढे नेत होते, ती तिथे थबकली. वाकून तिने एक सोल उचललं, बोटांत दाबलं, नाकाशी नेलं. ती खरी निघाली. अजून दोन उन्हं हवीत असं सांगून तिने ते जागेवर ठेवलं. आत रांदचे कुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, चुलीशेजारी रगडा मांडलेला होता. आईने त्याच्या खळग्यात हात घातला. खळगा कोरडा, पांढुरका, टाकीचे घाव अजून बोटांना लागत होते. आमच्या घरच्या रगड्याचा खळगा वाटून वाटून गुळगुळीत झालेला, आणि हळद-मिरचीचा रंग दगडात इतका मुरलेला की घासून जात नसे. आईने काही न बोलता हात पदराला पुसला. त्या दगडावरून खोबरं कधी फिरलं नव्हतं हे तिच्या बोटांनी मला सांगण्याआधीच ओळखलं होतं.

शिंपल्यांची खिडकी मात्र अस्सल होती. काच दुर्मिळ होती तेव्हा पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवत, आणि त्यातून खोलीत दुधाळ उजेड यायचा. तिथल्या चौकटीचं लाकूड जुनं, खिळ्यांची भोकं जुनी, एका कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं. ती कुठल्यातरी खऱ्या घरातून निघून इथे आली होती. गोव्यात घर पाडायला काढलं की दारं, खांब, अशा खिडक्या घ्यायला माणसं आधीच येऊन थांबतात. ही कुठल्या गावातून आली असेल, तिच्या आतल्या बाजूला कोणाची खाट असेल, हे मनात येत राहिलं आणि जेवणाच्या पहिल्या दोन पदार्थांची चव मला आठवत नाही.

अशी जेवणं मला अगदीच नवी नाहीत. आमच्या फोंड्याच्या आसपासच्या कुळागरांत, सुपारी-मसाल्यांच्या बागांत, पर्यटकांच्या बसगाड्या येतात, गळ्यात हार पडतात, मिऱ्या-वेलचीची फेरी होते आणि मग केळीच्या पानावर जेवण. पुण्याला भावाकडे गेलो की चोखी ढाणीला जायचो. तिथला राजस्थान, तो दाल-बाटीचा आग्रह, ते फेटे, कशानेही मन खट्टू झालं नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये 1967 साली लुइझियानाच्या पाणथळीचा देखावा असलेलं ब्लू बायू नावाचं जेवणघर उघडलं, ते चाच्यांच्या जलसफरीच्या इमारतीतच आहे. भर दुपारी गेलं तरी आत रात्र असते, कंदील लागलेले, काजवे लुकलुकताहेत, आणि जेवणाऱ्यांच्या शेजारून सफरीच्या होड्या जातात. भाची फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये स्पेस 220 ला जेवून आली. 2021 च्या सप्टेंबरात सुरू झालेलं हे ठिकाण. लिफ्टसारख्या खोलीत उभं करतात, आपण 220 मैल वर चढतोय असं वाटायला लावतात, आणि वर पोहोचलं की खिडकीत पृथ्वी. ती रंगून सांगत होती आणि मला ऐकताना मजा वाटत होती. अंतराळात कोणाची आजी राहिलेली नाही. लुइझियानाच्या पाणथळीतल्या घरात कोणी आयुष्यभर भांडी घासली असतील, पण ती बाई माझ्या ओळखीची नाही. परक्याच्या जगण्याचा देखावा माणूस सहज बघतो, त्यात बसून जेवतोही. इथे चूल माझ्या आईची होती.

आणि तरीही, पाऊस पडायला लागल्यावर माझं मन विरघळलं.

आवाजाने चव बदलते हे प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले होते. चावण्याचा आवाज वाढवून ऐकवला की तेच चिप्स लोकांना अधिक ताजे, अधिक कुरकुरीत लागत. इंग्लंडमधल्या फॅट डक रेस्टॉरंटात तर एका पदार्थाबरोबर शंख येतो, त्यातून लाटांचा आवाज कानात सोडलेला. हे वाचून मला मागे काहीसं फसवं वाटलं होतं. पण त्या रात्री वाटीभर उकड्या तांदळाची पेज आली, सोबत चेपणीचं तोर, आणि पागोळ्या वाजत होत्या. मिठात मुरलेल्या त्या कैरीचा पहिला तुकडा दाताखाली गेला आणि शाळेला पावसाची सुट्टी पडलेली एक अख्खी सकाळ माझ्यासमोर उभी राहिली. ओसरीवरचे ओले कपडे, भिंतीची ओल, वडिलांची छत्री उघडी करून कोपऱ्यात ठेवलेली. डोळे भरून आले. स्पीकर कुठे आहे हे माहीत असून भरून आले. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

पण माझा पाऊस वेगळा आणि आईचा वेगळा. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात बाईमाणसाला पाऊस आधी कामांतून दिसतो. मे महिना म्हणजे पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरायचे दिवस. मिरच्या वाळवायच्या, चिंच गोळायची, खारं, म्हणजे खारवलेली मासळी, सुकवून डब्यात भरायचं, फणसाच्या बिया मातीत घोळून ठेवायच्या, लाकूडफाटा कोरड्यात रचायचा. आणि सोलं. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून गर काढायचा, साली उन्हात पसरायच्या, वाळल्या की त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात, मग पुन्हा रसात. दिवसचे दिवस हे चालायचं, आणि त्यात वळवाची एक सर चुकून अंगावर आली की सोलांना बुरशी धरायची. वर्षाची कढी, वर्षाचं हुमण, म्हणजे मासळीचं कालवण, त्या सुपांत पसरलेलं असायचं. आई घरात काहीही करत असो, एक कान आभाळाकडे. ढग वाजला की हातातलं टाकून धावायची, आम्हा पोरांना हाका मारायची, आणि आम्ही नाचत अंगणात जायचो कारण आम्हाला भिजायचं असायचं. त्याच सरीला ती एक सूप डोक्यावर आणि एक काखेत घेऊन पळत असायची.

त्या खोट्या पावसात आम्हाला इस्वणाचं, म्हणजे सुरमईचं, हुमण वाढलं. आईने पानाकडे पाहिलं, खतखत्याकडे पाहिलं, पुन्हा इस्वणाकडे पाहिलं. खतखतं आमच्याकडे पूजेच्या, सणाच्या पानात, त्या पानात मासळी यायची नाही. आणि पाऊसकाळात इस्वण कुठलं? 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात. त्या दिवसांत घरात भाजलेलं खारं, नाहीतर मानशीतले, खाजणाच्या बांधाच्या दारात सापडणारे, मासे, तिसऱ्या, आणि रानातून आलेलं काय काय. तायकिळ्याची भाजी, तेरं, बांबूचे कोवळे कोंब, आणि नशीब असेल त्या दिवशी रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी. बाहेर मे होता म्हणून इस्वण मिळालं, आतल्या पावसाला ते शोभत नव्हतं. मला वाटलं आई आता काहीतरी बोलणार. ती काही बोलली नाही. तुकडा काट्यापासून सोडवून शांतपणे खाऊ लागली.

मधूनमधून वरून एका म्हातारीचा आवाज येई, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. ही घराची आजी. पहाटे उठून चूल पेटवायचे, सगळ्यांना करून घालायचे, किती सुखाचे दिवस होते ते, असं ती सांगत होती. मागे घुमट हे मातीचं तालवाद्य वाजत होतं. आवाज गोड होता, सांगण्याची लयही चांगली होती. आईने मन लावून ऐकलं आणि मला विचारलं, "हिच्या घरांत माणसां कितलीं आसलीं?"

आमच्या घरात सोळा-सतरा असायची. पाहुणे वेगळे. आधी पुरुषांची पंगत, मग आम्ही मुलं, मग आजी, मग काकवा, आणि आई धाकटी सून म्हणून सगळ्यांत शेवटी. ती जेवायला बसायची तेव्हा तिच्यासमोर पान मांडलेलं मला आठवत नाही. चुलीकडे पाठ करून, जमिनीवर, हुमणाचं भांडं पुढ्यात ओढून, त्यात काय उरलंय ते डवलीने बघत. उरलेलं रात्रीला पुरेल का याचा हिशेब करत घास घ्यायची. मासळीचं डोकं तिला आवडतं असं आम्हाला वाटायचं. अजूनही घरात कोणी बाहेरचं माणूस असलं की ती आपला भात आधी कमी वाढून घेते.

त्या जेवणघरात पान आधी तिचं मांडलं. वयाने मोठं कोण ते बघून तिथे वाढायला सुरुवात करतात. मुलीने पानावर पाणी शिंपडलं, पुसलं, मीठ डाव्या कोपऱ्यात, लोणचं त्याच्या खाली, अगदी रीतसर. चुलीत नारिंगी दिवा होता, निखाऱ्यासारखा कमी-जास्त होणारा. धूर नव्हता. मला त्या धुराची उणीव जाणवली आणि मी आईला तसं म्हणालेही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसले. धूर मला ठाऊक आहे तो कपड्यांना लागलेल्या वासातून. तिने तो डोळ्यांत घेतला आहे, वर्षानुवर्षं, फुंकणीच्या टोकाशी बसून. थोरल्या काकूचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

मग आई त्या मुलीला म्हणाली, "बाय, मातशें हुमण घाल गो."

हे मी पहिल्यांदा ऐकलं. आई स्वतःसाठी मागून घेते आहे, तेही नि:संकोच, पान पुढे करून. मुलीने वाढलं. आईने भात कालवला, एक घास घेतला, खोबरं जरा जाडसर वाटलंय असं म्हणाली आणि सगळं संपवलं. पुढे पातोळी आली, हळदीच्या पानात. पान उलगडताना वाफ वर आली तशी तिने डोळे मिटून तो वास घेतला, दोनदा. मी माझी पातोळी तिच्या पानात ठेवली, तर तिने तीही खाल्ली. चुलीपाशी जेवणारी ही बाई पाठ टेकून, सावकाश, उरेल की नाही हे न बघता जेवत होती. माझ्यासमोर जे घडत होतं ते आमच्या खऱ्या घरात कधी घडलं नव्हतं.

उठताना मी त्या मुलीला गाव विचारलं. सत्तरीतली, वाळपईच्या पलीकडची. दुसरी पंगत आटपली की कंपनीची गाडी वाळपईपर्यंत सोडते, पुढे भाऊ स्कूटर घेऊन येतो. घरी आई सोलं घालते का, एवढं मी विचारलं. "घालता मगो. पूण यंदा हांव घरा ना, तीच एकटी धांवता," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाचं पान उचलायला गेली. बाकीचं विचारायचं राहिलं. पाहुण्यांना आजी-आजोबा म्हणायचं हे त्यांना शिकवलेलं असणार, ती साडी आणि ते अबोलीचं फूल नेमून दिलेलं असणार. पण आभाळ वाजल्यावर सोलांचं उत्तर एका श्वासात द्यायला मुलगी अशाच घरातली लागते. माझा कौल तिकडे आहे.

बाहेरची वाट दुकानातूनच जाते. तिथे सोलं बाटलीत भरून विकायला होती, लहान बाटली 400 रुपये. आईने एक उजेडात धरून रंग पाहिला, चांगला आहे म्हणाली आणि परत ठेवली. गाडीत मात्र माझं तोंड सुरू झालं. आपलं जगणं उचलून आपल्यालाच विकतात, खऱ्या घरांच्या खिडक्या काढून खोट्या घरांना लावतात, त्या म्हातारीच्या तोंडी असं सुख घालतात जे कोणी भोगलं नाही. बाणस्तारीच्या पुलापर्यंत मी बोलत होते. आई खिडकीतून नदीकडे बघत होती. पूल संपल्यावर म्हणाली, "पान आदीं म्हजें मांडलें तिणें." पुढे घर येईपर्यंत त्या मुलीचं लग्न झालंय का, पगार किती मिळत असेल, एवढ्या रात्री एकटी जाते तर भाऊ वेळेवर येतो ना, हेच चाललं होतं.

माझ्या तक्रारी मी मागे घेतलेल्या नाहीत. ती खिडकी जिथे होती तिथे असायला हवी होती. पेज विकून 4500 रुपये घेणाऱ्यांनी पावसाळ्याच्या पानात काय असतं हे एखाद्या ऐंशीच्या बाईला बसवून विचारायला हवं होतं, आणि तिला त्याचे पैसे द्यायला हवे होते. ध्वनिमुद्रणातल्या आजीने एकदा तरी म्हणायला हवं की ती दमायची. असं झालं तर मी पुन्हा जाईन आणि अधिक आनंदाने पैसे मोजीन. पण त्या चुलीपाशी बसून पोटभर, पहिल्या वाढीला जेवण्याचा हक्क कोणाचा असेल तर तो आधी तिचा आहे, आणि तो तिला आम्ही घरच्यांनी दिला नव्हता. तो तिकीट काढून मिळाला, याचं मला वाईट वाटतं आणि मिळाला याचा आनंदही होतो. दोन्ही एकाच वेळी वाटतं, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

सावयवेऱ्याला मावशी असते, आईहून दोन वर्षांनी धाकटी. तिच्याशी फोनवर आईचं या जेवणाचं वर्णन अजून चालू आहे. कुठल्या दिवशी पेजेबद्दल, कुठल्या दिवशी पातोळीबद्दल. किंमत आईने भाचीकडून काढून घेतलीच. आकडा ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग कपाटातून पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना 2000 रुपये तिच्या खात्यात येतात, त्याला ती सहसा हात लावत नाही. त्यातून दोन पानांचे पैसे भरायचे, एक मावशीचं आणि एक तिचं. मी हवं तर बाहेर थांबावं नाहीतर माझे मी भरावेत. आता लगेच नको, चतुर्थीची कामं आटपली की. मी फोन करून विचारलं तर तिकडून म्हणाले, पहिली पंगत की दुसरी ते सांगा. आई म्हणाली, पहिली सांग, मावशीला रात्री उशिरा जेवलेलं सोसत नाही.